शिकवायला शिकताना : मॉरिशसमधील मराठीच्या नव्या शिक्षकांविषयी

या शताब्दी स्मरणिकेत जहाजांविषयी, मंदिरांविषयी, झाकडी आणि गोंधळाविषयी जाणकार मंडळी लिहितीलच. आम्हाला शाळेविषयी लिहायला सांगितले गेले. शाळा हा फार मोठा विषय. त्यातला एकच कोपरा आम्ही घेतला आहे. आपली जी मुलेमुली मराठीचे शिक्षक होण्यासाठी प्रशिक्षण घेतात, ती सरावपाठासाठी पहिल्यांदा वर्गात उभी राहतात तेव्हा त्यांचे मन कसे बनते आणि त्यांचा पाठ वठतो की फसतो, हे कशावर ठरते? या बेटावर मराठी आता घरापेक्षा शाळेत अधिक ऐकू येते. म्हणून या उमेदवारांचे जे होईल तेच थोड्याफार फरकाने भाषेचे होईल, असे आम्हाला वाटते.

सुरुवात मागून करावी लागेल.

१८३४ च्या नोव्हेंबरात पोर्ट लुईच्या धक्क्यावर पहिले करारबद्ध मजूर उतरले. तिथपासून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे हिंदुस्थानातून इथे आली. बहुतेक कलकत्त्याहून, त्याखालोखाल मद्रासहून, आणि सर्वांत थोडी मुंबईहून. त्या थोड्यांत आपले लोक होते, विशेषतः रत्नागिरीकडचे. पाच वर्षांचा करार, उसाची लागण आणि तोडणी, मळ्यावरची छावणी. शिकवायला कोणी पंतोजी बरोबर आला नव्हता. जे आले ते कंठात आले. ओव्या, आरत्या, गोंधळाची पदे आणि शिव्यासुद्धा.

नेमक्या त्याच काळात, १८४५ च्या सुमारास, मुंबईत शिक्षक तयार करण्याचा अध्यापकवर्ग सुरू झाला होता. त्याची धुरा बाळशास्त्री जांभेकरांकडे होती, आणि ते मूळचे कोकणातल्या पोंभुर्ल्याचे. म्हणजे एकाच कोकणपट्टीतला एक माणूस मुंबईत बसून शिकवावे कसे याचा विचार करीत होता, आणि त्याच पट्टीतली दुसरी माणसे जहाजात बसून पाटीपेन्सिलीपासून दूर जात होती. आपल्याकडे शिक्षक-प्रशिक्षण उशिरा का आले, असा प्रश्न कोणी विचारला की आम्हाला ही दोन चित्रे शेजारी शेजारी दिसतात.

पुढची पन्नास-साठ वर्षे शिकवण्याचे काम बैठकेने केले. दिवसभर उसात राबून आलेली माणसे संध्याकाळी एका छपराखाली जमत. ज्याला चार अक्षरे येत तो गुरुजी. त्याने कोणाकडून शिकवण्याची पद्धत शिकलेली नसे. आपल्याला जसे शिकवले तसे तो शिकवी. मोठ्याने म्हणायचे, मागून म्हणवून घ्यायचे, चुकले की पुन्हा. १८९६ पासून हेन्रिएटाच्या बाजूला गणेशपूजेची परंपरा सांगितली जाते. आरती बिनचूक पाठ असणारा माणूस हा त्या काळचा सर्वांत मोठा शिक्षक. १९०१ मध्ये गांधीजी काही दिवस या बेटावर होते, तेव्हा त्यांनी इथल्या हिंदी लोकांना मुलांना शिकवा असे सांगितले. हे आपण शाळेच्या भाषणांतून इतक्यांदा ऐकतो की त्याची धार गेली आहे. पण ज्या बापाचे मूल दहाव्या वर्षी मळ्यावर कामाला जात होते, त्याला तो सल्ला केवढा महाग पडला असेल, हे आम्ही वर्गात मुलांना आवर्जून सांगतो.

१९४० नंतर चित्र बदलू लागले. पंडित बासदेव विष्णुदयाळ यांच्या जनआंदोलनाने गावोगाव हिंदीचे स्वयंसेवक शिक्षक उभे केले. १९४८ च्या निवडणुकीत साधे लिहितावाचता येणाऱ्याला मत मिळाले, त्यामुळे बैठकीतली पाटी ही मतपेटीकडे जाणारी वाट झाली. मग प्रश्न आला तो या शिकवणाऱ्यांना शिकवायचे कोणी. १९५० मध्ये भारतातून प्राध्यापक राम प्रकाश आले आणि बो बासेंच्या ट्रेनिंग कॉलेजात हिंदी शिक्षकांचे रीतसर प्रशिक्षण सुरू झाले. हिंदीने पाडलेल्या त्या वाटेवरून पुढे तमिळ, तेलुगू, उर्दू आणि आपली मराठी चालत गेली. स्वातंत्र्यानंतर १९७३ मध्ये मॉरिशस इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन स्थापन झाली. मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेची वास्तू १९७६ मध्ये खुली झाली. शिक्षणशास्त्र रेदुईला आणि भाषा मोक्याला, अशी ही विभागणी आमच्या पिढीच्या अंगवळणी पडली. मराठीची पाठ्यपुस्तके मोक्याला तयार होतात, आणि प्रमाणपत्राच्या वेळी आमची निम्मी वर्षे या दोन ठिकाणांमधल्या बसमध्ये गेली, असे म्हटले तरी चालेल.

इतका इतिहास पुरे. आता उमेदवारांकडे वळू.

शिक्षक व्हायला येणाऱ्या मुलाला विचारले की तू का आलास, तर उत्तरे साधारण ठरलेली असतात. सरकारी नोकरी आहे. आई म्हणाली. एच.एस.सी.ला मराठी होती, गुण बरे मिळाले. क्वचित एखादी म्हणते, आमच्या मिस फार चांगल्या होत्या. आम्ही पूर्वी पहिल्या तीन उत्तरांवर नाके मुरडत असू. आता मुरडत नाही. नोकरीसाठी आलेली माणसे उत्तम शिक्षक झालेली आम्ही पाहिली आहेत, आणि भाषेच्या प्रेमाने ओथंबून आलेली दोन वर्षांत कोमेजलेलीही पाहिली आहेत. येताना मनात काय होते यापेक्षा आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत काय भेटले, याला जास्त वजन असते.

मात्र एक गोष्ट ते येतानाच घेऊन येतात, आणि ती पुसणे कठीण असते. डॅन लॉर्टी या अमेरिकन अभ्यासकाने १९७५ मध्ये शिक्षकांविषयी एक पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे की शिक्षकाचा धंदा हा एकच धंदा असा आहे, ज्याची उमेदवारी माणूस लहानपणीच करून बसलेला असतो. शाळा संपेपर्यंत मूल सुमारे तेरा हजार तास शिक्षकांसमोर बसते. वैद्याच्या मुलाला वैद्यकी इतकी पाहायला मिळत नाही. पण हे पाहणे प्रेक्षकाचे असते. गुरुजी काय करतात ते दिसते, का करतात ते दिसत नाही. आमच्या प्रशिक्षणात हा भाग आला तेव्हा वर्गातले सगळे हसले, कारण प्रत्येकाला आपला एकेक गुरुजी आठवला. बैठकीतल्या त्या गुरुजींनी म्हणवून घेतलेली बाराखडी आजही उमेदवाराच्या तोंडून बाहेर येते. पाठाचा आराखडा तो खेळाचा, चित्रांचा, गाण्याचा लिहितो. वर्गात गेला, मुले बोलू लागली, घाम फुटला की आराखडा टेबलावर राहतो आणि सुरू होते ते 'क का कि की'. त्याला दोष देऊन काय उपयोग? घाबरलेला माणूस ओळखीच्या वाटेनेच पळतो.

या भीतीचीही मोजदाद झालेली आहे. सायमन वेनमन या डच संशोधकाने १९८४ मध्ये नवशिक्या शिक्षकांच्या अडचणींवरचे निरनिराळ्या देशांतले ८३ अभ्यास एकत्र करून पाहिले. सर्वांत वर आली ती वर्गातली शिस्त, त्यानंतर मुलांमध्ये गोडी निर्माण करणे, आणि मग एकाच वर्गातल्या मुलांमधला फरक सांभाळणे. आमच्याकडे मात्र हा क्रम थोडा फिरतो. मराठीच्या तासाला मुले थोडी असतात, कधी बारा, कधी पाच. पाच मुलांत दंगा किती होणार! इथे उमेदवाराला छळणारा प्रश्न दुसरा असतो. या मुलांनी मराठी का शिकावी, हे त्याचे त्यालाच नीट सांगता येत नसते.

हे नीट समजावे म्हणून आमच्या शाळेचा तास कसा असतो ते सांगतो. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी हे लिहिणे जरूर आहे. आमच्या प्राथमिक शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच सर्वांना असते. पूर्वभाषांचा तास आला की वर्ग फुटतो. हिंदीची मुले एकीकडे, उर्दूची, तमिळची, तेलुगूची, चिनीची आपापल्या दिशेने जातात. २०१२ पासून क्रिओल मोरिसियेन हाही पर्याय आला. मराठीची मुले कोपऱ्यातल्या खोलीकडे निघतात, खोली असलीच तर. मराठीचा शिक्षक दिवसभरात पहिलीपासून सहावीपर्यंतच्या गटांना भेटतो. त्याचा स्वतःचा असा वर्ग नसतो, भिंत नसते, कपाट नसते. तक्ते, चित्रे, खडू सगळे पिशवीत. मुलांच्या वर्गशिक्षिकेला वर्षाच्या शेवटी फुले मिळतात. पिशवीवाल्या मिसना मिळतीलच असे नाही.

आता या पिशवीवाल्या मिसच्या मागे एक वीस-बावीस वर्षांची मुलगी दुसरी पिशवी घेऊन चालते आहे, अशी कल्पना करा. ती काय पाहते? शिक्षकांच्या खोलीत मराठीची मिस कोणत्या खुर्चीवर बसते ते पाहते. मुख्याध्यापक तिला नावाने हाक मारतात की भाषेने, हे पाहते. शाळेच्या बैठकीत तिचे मत विचारले जाते की चहा झाल्यावर तिला जायला सांगितले जाते, हेही पाहते. रेदुईच्या व्याख्यानात तिला भाषेचे महत्त्व सांगितले गेले, पण भाषेची किंमत तिला इथे कळते. एका शाळेत (तिचे नाव सांगण्याचे कारण नाही) आम्हाला बरीच वर्षे मराठीचा तास व्हरांड्यात घ्यावा लागला. पाऊस आला की मुलांना भिंतीला चिकटून उभे करायचे. त्या शाळेत सरावाला आलेल्या तीन उमेदवारांपैकी दोघांनी पुढे मराठी सोडून सर्वसाधारण शिक्षकाची जागा धरली. त्यांना आम्ही कधी बोल लावला नाही. उलट दुसऱ्या एका शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी, त्या स्वतः मराठी नव्हत्या, एक जुनी खोली रिकामी करून दिली आणि दारावर मुलांच्या हातची देवनागरी पाटी लावू दिली. तिथे आलेल्या उमेदवारांची चाल पंधरा दिवसांत बदलली. पाठ पूर्वीसारखेच लिहीत होते, पण आवाज मोठा झाला होता.

आमच्या मते उमेदवाराच्या वृत्तीवर सर्वांत मोठा परिणाम असा लहानसहान गोष्टींचा होतो. पुस्तकात यांना 'संस्थेचे वातावरण' म्हणतात. आम्ही खुर्ची आणि कपाट म्हणतो.

दुसरा मोठा परिणाम होतो तो ज्या शिक्षिकेच्या हाताखाली सराव करायचा तिचा. याविषयी आम्हा जुन्यांनाच बोलले पाहिजे. काही शिक्षिका उमेदवार आला की सुटकेचा निःश्वास टाकतात आणि वर्ग त्याच्या हवाली करून वह्या तपासायला बसतात. काही त्याला जागेवरून हलू देत नाहीत, प्रत्येक वाक्य मुलांसमोर दुरुस्त करतात. पहिल्या प्रकारात तो बुडतो, दुसऱ्यात आखडतो. चांगली मार्गदर्शक शिक्षिका तासाला मागे बसते, एक कागद घेते, आणि तास संपल्यावर दोनच गोष्टी सांगते. एक बरी झालेली, एक उद्या वेगळी करायची. आम्हाला शिकवणाऱ्या एक बाई अशाच होत्या. त्या कागदाच्या डाव्या बाजूला फक्त मुलांची नावे लिहीत. तास संपला की विचारीत, यातल्या कोणाच्या तोंडून आज एकही शब्द आला नाही? प्रश्न इतका साधा, पण त्याने आमची नजर स्वतःवरून मुलांकडे वळली. फ्रान्सिस फुलर या अमेरिकन बाईंनी १९६९ मध्ये हेच शोधून मांडले होते, हे आम्हाला फार नंतर समजले. नव्या शिक्षकाची काळजी आधी स्वतःविषयी असते, मी कसा दिसतो, मुले मला मानतात का. मग कामाविषयी, आणि शेवटी मुलांना काय मिळते याविषयी. हा प्रवास कोणाचा लवकर होतो, कोणाचा निवृत्तीपर्यंत होत नाही.

तपासनिसाची किंवा रेदुईच्या व्याख्यात्याची भेट हा या प्रवासातला एक विचित्र थांबा. भेटीच्या दिवशी भिंतीवर नवे तक्ते, मुलांच्या वह्यांना नवी कव्हरे, उमेदवाराच्या अंगावर इस्त्रीची साडी. मुलांनाही कळते की आज नाटक आहे. ती इतकी शहाणी असतात की नेमके पाठ झालेले उत्तर नेमक्या वेळी देतात. गुण चांगले पडतात. त्या गुणांवरून उमेदवार उद्या काय करील हे समजत नाही. आमचा मेळ या पद्धतीशी कधी बसला नाही. भेट न सांगता व्हावी असे आम्ही म्हणत नाही, बिचाऱ्यांचे काळीज फुटेल. पण एका भेटीऐवजी चार छोट्या भेटी झाल्या, आणि पहिल्या तिन्ही बिनगुणांच्या असल्या, तर पुष्कळ फरक पडेल.

आता भाषेकडे. आमच्या उमेदवारांची खरी अडचण इथे आहे, आणि हीच जागा आम्हाला सर्वांत प्रिय आहे.

आमच्या मुलांच्या ओठांवर क्रिओल असते, आणि उमेदवाराच्याही. त्याने मराठीत निबंध लिहिले आहेत, व्याकरणाचे प्रश्न सोडवले आहेत, पण भांडण मराठीत केलेले नाही, दुकानात मराठी बोललेला नाही. म्हणून वर्गात अनपेक्षित काही घडले, एखाद्याने दुसऱ्याची पेन्सिल घेतली, की उमेदवार क्रिओलमध्ये बोलतो, आणि शांतता झाली की मराठीत परत येतो. मुले यातून एक गोष्ट अचूक शिकतात: खरे बोलणे क्रिओलमध्ये असते, मराठी पाठाची असते. हे तोडायचे तर उमेदवाराला आधी रोजची पन्नास-साठ वाक्ये तोंडात बसवावी लागतात. बस रे. सरक तिकडे. दे त्याचे त्याला. काय झाले, का रडतोस? पाण्याला जायचे का? ही वाक्ये कुठल्याच परीक्षेत विचारली जात नाहीत. आमच्या शाळेत येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडून आम्ही ती पहिल्या आठवड्यात म्हणवून घेतो. बैठकीतल्या गुरुजींची पद्धत इथे कामाला येते, हे मान्य करावे लागेल.

लिंग हा दुसरा डोंगर. क्रिओलमध्ये तो, ती, ते सगळ्यांना एकच 'ली'. आमच्या मुलाला टेबल ते, खुर्ची ती आणि फळा तो का, हे कोणी कितीही समजावले तरी समजत नाही, कारण समजण्यासारखे त्यात काही नाही. फ्रेंचमुळे दोन लिंगांची सवय असते, तिथे तिसरे आले की गोंधळ वाढतो, कारण फ्रेंचमधली खुर्ची आपल्याकडेही स्त्रीलिंगी निघते, पण पुस्तक तिथे पुल्लिंगी आणि इथे नपुंसक. ळ आणि ण यांची वेगळीच कथा. 'बाळ' चे 'बाल' होते आणि 'पाणी' चे 'पानी'. फ्रेंचच्या सवयीने र घशात जातो. थ, ध, भ यांचा श्वास हरवतो.

इथे उमेदवारांचे दोन तट पडतात. एक प्रत्येक चूक थांबवून दुरुस्त करतो. त्याचा हेतू शुद्ध असतो, पण तिसऱ्या दिवशी त्याच्या वर्गात फक्त दोन मुले बोलतात, ज्यांची आजी अजून घरी मराठी बोलते. बाकीची गप्प. दुसरा काहीच दुरुस्त करीत नाही. मुले आनंदात असतात, वर्षाच्या शेवटी जिथे होती तिथेच असतात. मधली वाट सापडलेली एक मुलगी काही वर्षांपूर्वी आमच्याकडे सरावाला होती. तिने गणेशचतुर्थीच्या आठवड्यात पुस्तक बाजूला ठेवले आणि मुलांना विचारले, घरी काय करतात? मोदक, पुरणपोळी, कानवले अशी नावे आली, कारण ही नावे क्रिओल बोलणाऱ्या घरांतही मराठीच राहिली आहेत. मग तिने फळ्यावर तीन रकाने केले: तो, ती, ते. तो मोदक, ती पुरणपोळी. मुलांनी स्वयंपाकघरातला एकेक शब्द आणून योग्य रकान्यात टाकायचा. घरी जाऊन आजीला, आत्याला विचारून यायचे. ज्या मुलाने वर्षभर तोंड उघडले नव्हते त्याने दुसऱ्या दिवशी 'ते लाटणे' आणले आणि त्यावर तो अडून बसला, कारण आजीने तसे सांगितले होते. चूक कोणाची झाली तर मुलेच सांगत. व्याख्यात्यांच्या भेटीत हा पाठ झाला असता तर पाठ्यपुस्तकाबाहेर गेल्याबद्दल गुण कापले गेले असते की काय, कोण जाणे.

या मुलीला हे कसे सुचले? तिची आजी तिच्या लहानपणी होती, एवढेच तिचे उत्तर. म्हणजे पुन्हा लॉर्टीची तीच गोष्ट, फक्त उमेदवारी शाळेत न होता चुलीपाशी झालेली.

उमेदवारांच्या मनावर बाहेरच्या वाऱ्याचाही परिणाम होतो. आमचे प्रशिक्षण नव्वदीच्या दशकात झाले. सहावीच्या शेवटी होणाऱ्या सी.पी.ई. परीक्षेतल्या क्रमांकावर चांगल्या कॉलेजातला प्रवेश ठरे, आणि त्या क्रमांकात पूर्वभाषांचे गुण धरायचे की नाही यावर सगळा देश भांडत होता. १९९५ मध्ये त्यासाठीची घटनादुरुस्ती संसदेत फेटाळली गेली, संसद बरखास्त झाली आणि डिसेंबरात निवडणूक झाली. सरकार पडावे इतका मोठा हा प्रश्न होता! आम्ही उमेदवार रोज वर्तमानपत्र घेऊन बसत असू. पाचवी-सहावीतल्या मुलांचे आईबाप फाटकाशी येऊन सांगत, मिस, गुण धरत नाहीत, मग गणिताला वेळ द्यायला हवा, राग मानू नका. राग मानायचा प्रश्न नव्हता. पण ज्या विषयाचे गुण धरत नाहीत तो शिकवायला निघालेल्या विशीतल्या माणसाच्या पाठीचा कणा त्या वाक्याने किती वाकतो, हे आम्ही सोबत्यांमध्ये पाहिले आहे. पुढे नियम कितीदा तरी बदलले. २०१७ पासून सी.पी.ई.च्या जागी नवी परीक्षा आली, इयत्तांची नावे बदलली. पण फाटकाशी येणारे आईबाप अजून येतात, वाक्य थोडे बदलले आहे: मिस, मराठी घेऊन पुढे काय?

या प्रश्नाला उमेदवाराजवळ स्वतःचे उत्तर हवे. आम्ही देऊ केलेले चालत नाही. एक मुलगा म्हणे, आजोबांचे पाळण्यातले गाणे कळावे म्हणून. दुसरी म्हणाली, पुण्याला शिकायला जायचे आहे. तिसरा प्रामाणिक, म्हणाला, मला अजून माहीत नाही, पण मुलांना आवडते हे दिसते. तिसरा आज एका मोठ्या शाळेत आहे आणि त्याच्या गटात दरवर्षी एखाददुसरे मूल वाढते.

पटसंख्येविषयी दोन शब्द. लहान गट म्हणजे सोपे काम, असा समज आहे. पाच मुले, त्यात दोन दुसरीची, तीन तिसरीची, एक वाचणारे आणि एक अक्षरओळख नसलेले, असा गट ज्याने सांभाळला आहे त्याला विचारा. प्रशिक्षणात तीस-पस्तीस मुलांच्या वर्गाचे आराखडे शिकवतात. सरावाला गेल्यावर गटागटाने काम द्यायचे म्हटले तर गटात एकेकच मूल येते. उमेदवार गोंधळतो आणि त्याला वाटते, आपणच कमी पडतो. शिवाय पट तीनवर आला की पुढच्या वर्षी हा तास राहील का, ही धाकधूक त्याच्या पोटात असते. पोटात धाकधूक असलेला माणूस मुलांना खूश ठेवण्याच्या मागे लागतो आणि शिकवणे मागे पडते. लहान आणि मिश्र गटांसाठीचे प्रशिक्षण वेगळे असले पाहिजे, ही मागणी आम्ही शिक्षक बऱ्याच बैठकांत करीत आलो आहोत. ती या पानावरही नोंदवून ठेवतो.

आपल्या सोसायटीला यात काय करता येईल, असे संपादकांनी विचारले होते. पैशाचे काम थोडे आहे. सभागृहाच्या मागच्या खोलीतले एक कपाट सरावाच्या महिन्यांत उमेदवारांना द्यावे, म्हणजे तक्ते आणि चित्रे दरवर्षी नव्याने काढावी लागणार नाहीत. गावात अजून मराठी बोलणारी जी आजी-आजोबा मंडळी आहेत, त्यांच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी शनिवारी दुपारी तासभर उमेदवारांशी गप्पा माराव्यात. विषय कुठलाही चालेल, भाज्यांचे भाव, गुडघेदुखी, जुने वादळ. पुस्तकात नसलेले मराठी त्यांना तिथेच मिळेल. आणि झाकडीच्या तालमीला उमेदवारांना बोलवावे, प्रेक्षक म्हणून नव्हे, फेरात.

यंदा आमच्याकडे दोन उमेदवार आहेत. एकीच्या वाट्याला तिसरीची सहा मुले आली आहेत, दुसऱ्याच्या वाट्याला पहिलीची चार. तक्ते दोघांनी वाटून घेतले आहेत. पहिलीच्या चारांत एक मूल घरी फक्त क्रिओल ऐकते आणि दोन आठवड्यांत त्याला 'सरक तिकडे' हे वाक्य इतके आवडले आहे की मधल्या सुट्टीत ते हिंदीच्या आणि उर्दूच्या मुलांनाही तेच म्हणत फिरते, आणि आता तीही सरकतात.